मुखवटा ही जाहिरात नव्हती

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत अमेरिकेतील रॅप संगीताचा आढावा घेणारा जो दीर्घ लेख प्रसिद्ध झाला, त्यात एमएफ डूम या कलावंताची बोळवण चार-पाच ओळींत करण्यात आली आहे. धातूचा मुखवटा घालून लक्ष वेधून घेणारा, पण मुख्य प्रवाहात कधीही न पोहोचलेला रॅपर, असा त्या ओळींचा एकूण सूर आहे. लेखातील बाकीच्या विवेचनाविषयी माझी तक्रार नाही. मात्र या एका कलावंताच्या बाबतीत लेखकाने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे, असे मला वाटते. हा मुखवटा प्रसिद्धीसाठी चढवलेला नव्हता. रेकॉर्ड कंपन्यांच्या व्यवहारात एकदा पुरता पोळलेल्या माणसाने चेहरा आणि नाव बाजूला ठेवून केवळ शब्दांवर उभे राहण्याचा घेतलेला तो निर्णय होता, आणि त्याच्या ध्वनिमुद्रिका क्रमाने ऐकल्या तर त्या निर्णयाचे परिणाम प्रत्येक टप्प्यावर कानांना जाणवतात.

डूमचे मूळ नाव डॅनियल डुमिले. त्याचा जन्म 1971 मध्ये लंडनमध्ये झाला. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील लाँग बीच या गावी तो वाढला. धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे, म्हणजे डीजे सबरॉक, याच्यासह त्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस 'केएमडी' हा गट काढला. त्या वेळी डॅनियलचे मंचावरचे नाव होते झेव्ह लव्ह एक्स, आणि चेहऱ्यावर काहीही नव्हते. 1989 मध्ये थर्ड बेस या गटाच्या 'द गॅस फेस' या गाण्यात त्याचा आवाज प्रथम दूरवर पोहोचला, आणि 1991 मध्ये इलेक्ट्रा या बड्या कंपनीने केएमडीचा 'मिस्टर हूड' हा अल्बम बाजारात आणला. हा अल्बम आज ऐकताना त्यातील खेळकरपणाचे नवल वाटते. परकी भाषा शिकवणाऱ्या एका जुन्या ध्वनिमुद्रिकेतील संथ, शिष्ट आवाजाची वाक्ये कापून त्यांतून त्यांनी 'मिस्टर हूड' हे आख्खे पात्र उभे केले, आणि पोरसवदा रॅपर त्या पात्राशी गप्पा मारताना ऐकू येतात. दुसऱ्याच्या आवाजाचे तुकडे जोडून नवा माणूस घडवण्याची हौस पुढे त्याने आयुष्यभर जोपासली. तिची सुरुवात या पहिल्याच अल्बममध्ये आहे.

दुसऱ्या अल्बमचे काम पूर्ण होत आलेले असताना, एप्रिल 1993 मध्ये, एक महामार्ग ओलांडताना मोटारीच्या धडकेने सबरॉकचा मृत्यू झाला. त्याचे वय एकोणीस होते. उरलेले काम मोठ्या भावाने एकट्याने संपवले. अल्बमच्या वेष्टनावर 'सॅम्बो' हे व्यंगचित्र फासावर लटकताना दाखवले होते. हे चित्र म्हणजे गोऱ्या अमेरिकेने कृष्णवर्णीयांची टिंगल करण्यासाठी पिढ्यानपिढ्या वापरलेले सोंग, आणि त्या सोंगाला फाशी द्यावी एवढाच चित्राचा अर्थ होता. पण त्या सुमारास पोलिसांविषयीच्या एका गाण्यावरून वॉर्नर समूहाला देशभर टीका सोसावी लागली होती आणि त्याच समूहातील इलेक्ट्राचे अधिकारी धास्तावलेले होते. व्यवसायातील एका नियतकालिकात वेष्टनावर टीका झाली, आणि 1994 मध्ये कंपनीने अल्बम तर रोखलाच, शिवाय गटाशी असलेला करारही मोडला. 'ब्लॅक बास्टर्ड्‌स' हा तो अल्बम पुढे अनेक वर्षे चोरट्या प्रतींमधून हिंडत राहिला. तो अधिकृतपणे निघायला नवे शतक उजाडावे लागले. वंशद्वेषाचा धिक्कार करणारे चित्र वंशद्वेषी ठरवून त्याच्या कर्त्यालाच दारात उभे करायचे नाही, हा प्रकार ज्याच्या वाट्याला वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी आला, त्याने पुढे स्वतःला 'खलनायक' म्हणवून घेतले, यात चमत्कारिक असे काहीच नाही.

त्यानंतरची तीन-चार वर्षे तो संगीतातून जवळजवळ नाहीसा झाला होता. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकत, प्रसंगी बाकांवर झोपत काढलेल्या त्या दिवसांविषयी त्याने नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. 1997 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेमध्ये, जिथे कोणीही उठून काव्य सादर करू शकतो, तिथे तो पुन्हा उभा राहिला तो चेहऱ्यावर बायकांचा पायमोजा ओढून. खेळण्यातल्या मुखवट्यात फेरफार करून बनवलेला मुखवटा त्यानंतर आला, आणि रोमन ग्लॅडिएटरच्या शिरस्त्राणाची आठवण देणारा धातूचा मुखवटा त्याच्याही नंतर. नाव त्याने मार्व्हलच्या चित्रकथांतील डॉक्टर डूम या पात्रावरून घेतले. हा डॉक्टर डूमही चेहरा विद्रूप झाल्यामुळे लोखंडाआड गेलेला आणि जगावर सूड उगवायला निघालेला. प्रसिद्धीसाठीच सोंग घ्यायचे, तर माणूस प्रथम मोठ्या कंपनीच्या दाराशी जातो. हा गेला बॉबिटो गार्सिया यांच्याकडे. गार्सिया कोलंबिया विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्रावरून मध्यरात्रीनंतर रॅपचा कार्यक्रम सादर करत आणि 'फॉन्डल एम' नावाच्या टीचभर कंपनीतर्फे मोजक्या संख्येने तबकड्या काढत. डूमची पुनरागमनाची गाणी तिथेच निघाली आणि 1999 मध्ये 'ऑपरेशन: डूम्सडे' हा अल्बमही.

'अंडरग्राउंड' म्हणजे मुख्य प्रवाहात शिरकाव न झालेला, असे आपल्या लेखकाने गृहीत धरले आहे, म्हणून येथे थोडे विषयांतर वाटले तरी लिहितो. निदान त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये तो गाणी निर्माण करण्याचा आणि विकण्याचा एक स्वतंत्र मार्ग होता. खर्च थोडा, प्रती थोड्या, जाहिरात जवळपास नाही, आणि गाण्यात काय असावे हे सांगणारा अधिकारी तर मुळीच नाही. 'ऑपरेशन: डूम्सडे' ऐकताना या मोकळिकीची किंमत आणि कमाई दोन्ही कळतात. ध्वनिमुद्रण कच्चे आहे, आवाज जागोजागी घुमल्यासारखा येतो, कुठे मायक्रोफोन फार जवळ आहे तर कुठे फार दूर. पण 1980 च्या दशकातील गुळगुळीत प्रेमगीतांचे तुकडे (शाडेचे, क्विन्सी जोन्सच्या अल्बमवरील) उचलून त्यांवर हा माणूस अशा घोगऱ्या, अर्धवट झोपेतून उठल्यासारख्या आवाजात बोलतो की मूळ गाण्याचा गोडवा आणि त्याच्या बोलण्यातील कडवटपणा हे एकमेकांना खाऊन टाकत नाहीत. 'टिक, टिक...' या गाण्यात बीटल्सच्या एका गाण्याच्या अखेरीस वाजणाऱ्या तंतुवाद्यांचा तुकडा आहे आणि त्याचा वेग सतत कमी-जास्त होत राहतो; ठेका घसरतो, सावरतो, पुन्हा पळतो, आणि डूम आणि त्याचा साथीदार एमएफ ग्रिम दोघेही त्याच्याबरोबर शब्द ताणतात किंवा आवळतात. कोणत्याही मोठ्या कंपनीने असले गाणे 'यंत्र बिघडले आहे' म्हणून परत पाठवले असते.

मुखवट्याचा खरा उपयोग काय, हे 2003 मध्ये स्पष्ट झाले. एकदा चेहरा गेला की नावाचे ओझेही जाते. त्या एका वर्षात त्याने दोन वेगळ्या नावांनी दोन अल्बम काढले. जपानी राक्षसपटांतील तीन डोक्यांच्या प्राण्यावरून घेतलेल्या 'किंग गिडोरा' या नावाच्या 'टेक मी टू युअर लीडर'मध्ये तो मुख्यतः संगीतकार आहे. बहुतेक शब्द त्याने इतरांच्या तोंडी दिले आणि स्वतः परग्रहावरून पृथ्वीकडे पाहणाऱ्या निरीक्षकासारखा मागे राहिला. उलट 'व्हिक्टर व्हॉन' या नावाच्या 'व्हॉडव्हिल व्हिलन'मध्ये संगीत दुसऱ्यांनी दिले आणि हा केवळ रॅपर राहिला, तोही डूमपेक्षा तरुण, उतावळा, बढाईखोर. या दोन पात्रांत कोणी कोणाची नक्कल करत नाही. आवाज एकच असूनही बोलण्याची घाई वेगळी, शिव्यांची जात वेगळी, विनोद वेगळा. पुढच्या वर्षीच्या एका गाण्यात तर हा व्हिक्टर व्हॉन आपल्या प्रेयसीला फैलावर घेतो, कारण ती त्याला सोडून एका मुखवटेवाल्याच्या नादी लागलेली आहे; हा मुखवटेवाला अर्थात डूम. एका माणसाने स्वतःचाच मत्सर करून लिहिलेले एवढे मजेदार गाणे माझ्या ऐकण्यात दुसरे नाही.

ते गाणे ज्या अल्बमवर आहे तो 'मॅडव्हिलनी', मार्च 2004 मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टोन्स थ्रो या छोट्या कंपनीने काढलेला. संगीत मॅडलिब यांचे. याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तुमच्या लेखकाने त्याचे नाव घेऊनही त्यात काय आहे हे सांगितलेले नाही. 2002 मध्ये मॅडलिब ब्राझीलला गेले असता तिथल्या हॉटेलच्या खोलीत बसून, एक हातात मावणारा साधा सॅम्पलर (ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारे यंत्र), तबकडी वाजवण्याचे यंत्र आणि कॅसेट रेकॉर्डर एवढ्याच सामग्रीवर त्यांनी यातील अनेक बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारे संगीत, तयार केले. तिथे विकत घेतलेल्या जुन्या तबकड्यांचे तुकडे त्यात आहेत. त्या सुमारास अर्धवट तयार झालेल्या अल्बमची प्रत फुटली आणि अधिकृत प्रकाशनाच्या वर्षभराहून अधिक आधी इंटरनेटवर पसरली. दोघांचेही मन उडाले आणि काम काही काळ थांबले. पुन्हा हाती घेतल्यावर डूमने आपला आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केला, आणि ऐकणाऱ्याला खरे शिकायला मिळते ते इथे. फुटलेल्या प्रतीत तो उंच पट्टीत, जोशात, समोरच्यावर चाल करून गेल्यासारखा बोलतो. अंतिम अल्बममध्ये त्याच ओळी त्याने खालच्या पट्टीत, संथपणे, जवळजवळ कंटाळल्यासारख्या म्हटल्या आहेत. शब्द बहुतेक तेच, पण अर्थ पालटला. आधीचा माणूस आपण किती चतुर आहोत हे सांगतो. नंतरच्याला ते सांगण्याची गरजच वाटत नाही, त्यामुळे यमक केव्हा येऊन गेले हे दोन ओळी पुढे गेल्यावर लक्षात येते. अखेरच्या गाण्यात त्याने या गळतीलाही एक टोला हाणला आहे.

बावीस तुकडे आणि सुमारे शेहेचाळीस मिनिटे, एवढाच हा पसारा आहे. बहुतेक गाण्यांना ध्रुवपद नाही. दोन-अडीच मिनिटांत, काही वेळा त्याही आत, मुद्दा मांडून गाणे थांबते. 'अकॉर्डियन' या गाण्यात त्या वाद्याचा एक सुस्त सुरावटीचा तुकडा अखंड फिरत राहतो, त्यात दुसरे काही येत नाही, जात नाही, आणि डूम त्या आवर्तनावर एकाच दमात बोलून मोकळा होतो. ही रचना किती अवघड आहे हे यमकांकडे लक्ष दिल्यावर कळते. सर्वसाधारण रॅपमध्ये ओळीच्या शेवटचा शब्द जुळतो. डूमकडे एका ओळीतील पाच-पाच, सहा-सहा स्वर पुढच्या ओळीतील स्वरांशी त्याच क्रमाने जुळतात, म्हणजे यमक शेवटी न येता ओळभर पसरलेले असते. त्यात वाक्य मात्र आवर्तनाबरोबर संपत नाही. ते समेच्या अलीकडे किंवा पलीकडे तुटते, आणि विनोदाचा शब्द अशा जागी पडतो जिथे कोणीही श्वास घेण्यासाठी थांबले असते. कधी तो एखादा अश्लील शब्द अपरिहार्य वाटावा अशी ओळ रचत नेतो आणि नेमक्या जागी भलताच साळसूद शब्द ठेवून देतो. तो अश्लील शब्द मग ऐकणाऱ्याच्याच मनात उमटतो आणि दोषही त्याच्याच माथी येतो. स्वतःविषयी तो बहुधा 'तो खलनायक' असे तृतीयपुरुषी बोलतो. रॅपमधील आत्मस्तुतीवर आपल्या लेखकाने जी टीका केली आहे ती एरवी रास्त असेल, पण इथे स्तुती करणारा आणि जिची स्तुती होते ती व्यक्ती यांच्यामध्ये एक फट ठेवलेली आहे, आणि सगळी गंमत त्या फटीतली आहे.

हा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या दोनशे लोकप्रिय अल्बमच्या यादीत 179 व्या क्रमांकापर्यंतच चढला. मुख्य प्रवाहात न पोहोचल्याचा पुरावा हवा असेल तर तो हा. पण त्यानंतरच्या पिढीतील अर्ल स्वेटशर्ट, टायलर द क्रिएटर यांच्यासारख्या रॅपरांनी डूमचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. तेव्हा पोहोचणे कशाला म्हणायचे, याचा विचार लेखकाने करावा.

2004 च्याच नोव्हेंबरमध्ये मिनिआपोलिसच्या ऱ्हाइमसेयर्स या कंपनीतर्फे 'एमएम..फूड' आला. त्याच्या नावाची अक्षरे उलटसुलट करून केलेले हे शीर्षक, आणि सगळी गाणी खाण्यापिण्याच्या पदार्थांच्या नावांची. पुष्कळांचा हा लाडका अल्बम आहे. मला त्याचा मध्य रेंगाळलेला वाटतो, कारण तिथे व्यंगपटांतील संवादांचे तुकडे एकामागून एक येत राहतात आणि डूम बराच वेळ गप्पच असतो. पण त्याच्या अलीकडची आणि पलीकडची गाणी उत्तम आहेत. 2005 मध्ये संगीतकार डेंजर माऊस यांच्याबरोबरचा 'द माऊस अँड द मास्क' आला, तो अधिक लोकांपर्यंत गेला आणि त्या मानाने सौम्य आहे. याखेरीज 2001 ते 2005 या काळात 'मेटल फिंगर्स' या नावाने त्याने 'स्पेशल हर्ब्स' ही निव्वळ वाद्यसंगीताची मालिका काढली, ज्यात प्रत्येक तुकड्याला एखाद्या वनस्पतीचे किंवा मसाल्याचे नाव आहे. घोस्टफेस किला या रॅपरने 2006 च्या 'फिशस्केल' या अल्बममध्ये डूमचे बीट वापरले आहेत. संगीतकार म्हणून त्याचे स्थान स्वतंत्रपणे तपासले जावे, असे मला नेहमी वाटते.

त्याच्या बाजूने लिहीत असताना दोन गोष्टी झाकून ठेवणे योग्य होणार नाही. 2007 पासून काही कार्यक्रमांत त्याने स्वतः न जाता मुखवटा घातलेले तोतये पाठवले. पैसे मोजून आलेल्या श्रोत्यांसमोर दुसराच कोणी ध्वनिमुद्रित आवाजावर ओठ हलवत उभा राही. मुखवट्यामागे कोण आहे याला महत्त्व नाही, कार्यक्रमाचा दिग्दर्शक आपण आहोत, असे समर्थन त्याने केले. हे समर्थन त्याच्या कलेच्या तत्त्वाशी जुळते हे खरे. पण तिकीट काढणाऱ्याला कोणते तत्त्व विकले जात आहे हे आधी सांगायला हवे होते, आणि ते सांगितले गेले नाही. ही सरळ फसवणूक होती. दुसरी गोष्ट 2009 च्या 'बॉर्न लाइक धिस' या अल्बममधील. एरवी हा त्याचा सर्वांत काळोखा आणि बांधेसूद अल्बम आहे. त्यात आवाज आणखी खरखरीत झालेला आहे आणि थट्टा कमी झाली आहे. पण त्यात चित्रकथांतील महानायकांची टिंगल करण्याच्या निमित्ताने समलिंगी पुरुषांची हेटाळणी करणारे एक गाणे आहे, आणि ते पात्राच्या तोंडी आहे म्हणून त्याचा ओंगळपणा कमी होत नाही. पात्राआड लपण्याची सोय ही अशा वेळी कलावंताला आळशी बनवते.

2010 मध्ये युरोपचा दौरा आटोपून परतताना त्याला अमेरिकेत प्रवेश नाकारण्यात आला. लहानपणापासून तिथे वाढूनही त्याला अमेरिकेचे नागरिकत्व कधीच मिळालेले नव्हते. ज्या देशाच्या संगीतात त्याचे नाव आहे त्या देशाने त्याला बाहेर ठेवले आणि जन्माव्यतिरिक्त ज्याच्याशी फारसा संबंध उरला नव्हता त्या इंग्लंडमध्ये तो राहिला. कुटुंबापासून त्याची बराच काळ ताटातूट झाली. 2012 चा 'की टू द कफ्स', संगीतकार जनीरो जारेल यांच्याबरोबर केलेला, याच काळातला. लंडनची बोलभाषा, तिथली हवा आणि घरापासून तुटलेपण यांचे उल्लेख त्यात विखुरलेले आहेत, आणि तो जेवढा ऐकला जायला हवा तेवढा ऐकला गेला नाही. डूमला 'अमेरिकन रॅपर' म्हणताना निदान या प्रकरणाचा उल्लेख हवा होता.

आपल्या लेखातील एक तपशीलही दुरुस्त व्हावा. डूमचे निधन 31 डिसेंबर 2020 रोजी झाले असे छापले आहे. त्या दिवशी त्याच्या पत्नीने ती बातमी जाहीर केली. मृत्यू दोन महिने आधी, 31 ऑक्टोबरला, इंग्लंडमधील लीड्स येथील रुग्णालयात झाला होता. त्याचे वय एकोणपन्नास होते. रक्तदाबाच्या नव्याने सुरू केलेल्या औषधाची तीव्र प्रतिक्रिया होऊन त्याचा श्वास कोंडला, असे पुढे 2023 मध्ये झालेल्या चौकशीतून समोर आले. 2021 मध्ये लाँग बीच येथील एका रस्त्याला त्याचे आणि केएमडीचे नाव देण्यात आले.

शेवटी एक सूचना. लेखासोबत दिलेल्या 'काय ऐकावे' या चौकटीत नवख्या वाचकांना 'मॅडव्हिलनी'पासून सुरुवात करायला सांगितले आहे. माझ्या मते तसे करू नये. इंग्रजी रॅपची सवय नसलेल्या कानांना तो अल्बम पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटण्याचा संभव आहे. आधी 'स्पेशल हर्ब्स'चा एखादा भाग ऐकावा, म्हणजे ठेका कानात बसतो. मग 'ऑपरेशन: डूम्सडे', आणि त्यानंतर 'मॅडव्हिलनी', तोही शब्द लिहिलेला कागद समोर ठेवून. पुरवणीच्या पुढील अंकात ही चौकट दुरुस्तीसह पुन्हा छापता आली तर बरे होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक